हिरवे छत, मोकळी माती आणि कोकणचा सडा

प्रश्न असा आहे: ठाणे परिसरातील एका बंद पडलेल्या कारखान्याच्या सुमारे ७ एकर जागेवर निवासी संकुल उभे राहणार आहे. खाली वाहनतळाचे मजले, त्यावर पोडियम, म्हणजे वाहनतळाच्या छताचा मोठा सपाट चौथरा, आणि पोडियमवर मनोरे, अशी नेहमीची रचना आहे. आराखड्यात पोडियमवर व क्लबहाऊसच्या गच्चीवर हिरवे छत आणि मागील कुंपणालगतच्या पाऊण एकरात ‘शहरी जंगल’ दाखवलेले आहे. यातले टिकणारे किती, माहितीपत्रकापुरते किती, आणि काम सुरू होण्यापूर्वी कोणत्या गोष्टी लेखी ठरवून घ्याव्यात, असे प्रकल्प समितीवरील एका अभियंत्याने विचारले आहे. साप येतील का, हेही त्यांनी शेवटी, काहीशा संकोचाने, विचारले आहे.

या क्षेत्रात वीस-बावीस वर्षे काम केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, आपल्याकडची बहुतेक हिरवी छते फसतात याचे मुख्य कारण म्हणजे त्यांचा नमुना चुकीच्या हवामानातून उचललेला असतो. माहितीपत्रकांत बहुधा अमेरिकेतील डिअरबॉर्न येथील फोर्डच्या रूज कारखान्याचे छायाचित्र असते. तेथे २००३ च्या सुमारास सुमारे १० एकरांच्या छतावर सेडम या मांसल पानांच्या वनस्पतींची चटई अंथरली गेली, आणि ते काम खरोखरच उत्तम आहे. परंतु त्या वनस्पतींना लागतो तो वर्षभर थोडा थोडा विखुरलेला पाऊस आणि थंड रात्री. ठाण्याच्या जुलैत पंधरा दिवस सलग भिजल्यावर त्यांतील बहुतेक जाती मुळापासून कुजतात आणि ज्या वाचतात त्या एप्रिलच्या उन्हात करपतात. मग त्यांच्या जागी लॉन येते, लॉनसाठी टँकर येतो, आणि तीन वर्षांनी कोणीतरी त्यावर कृत्रिम गवत पसरतो.

चार महिने कोसळणारा पाऊस, आठ महिने कोरडे ऊन आणि खडकावर जेमतेम चार बोटे माती, या परिस्थितीत जगणारी वनस्पतिसृष्टी शोधायला आपल्याला परदेशात जावे लागत नाही. रत्नागिरी-राजापूरकडचे जांभ्याचे सडे, म्हणजे उघडी खडकाळ पठारे, किंवा साताऱ्याजवळचे कास पठार म्हणजे निसर्गाने केलेली हिरवी छतेच आहेत. खाली अभेद्य दगड, वर पातळ माती, मधल्या खळग्यांत साचणारे पाणी, आणि बाकी सगळे वाहून जाणारे. जूनमध्ये तेथे शेवाळे व नेचे दिसू लागतात, मग गवते, तेरडा, केना, सप्टेंबरात सोनकी, आणि डिसेंबरपर्यंत सगळा सडा तपकिरी होऊन झोपी जातो. तो मेलेला नसतो. कंद जमिनीत असतात आणि बी भेगांत असते. हिरव्या छताचे काम करताना मी ग्राहकाला पहिल्याच बैठकीत विचारतो की, वर्षातले निदान पाच महिने हे छत तपकिरी दिसलेले आपल्याला चालेल का. चालणार नसेल तर आपल्याला बाग हवी आहे, आणि बाग हवी असण्यात गैर काहीच नाही. फक्त तिचा भार, पाणी आणि खर्च वेगळा धरावा लागतो.

आता भाराकडे येऊ, कारण आपण अभियंता आहात आणि या गोष्टीचा निर्णय स्लॅब ओतण्यापूर्वीच होतो. आयएस ८७५ या इमारतींवरील भारांच्या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागानुसार लोकांचा वावर असलेल्या गच्चीसाठी चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण १५० किलो, इतका उपयोग-भार (माणसे व सामानाचा ये-जा करणारा भार) धरतात आणि वावर नसलेल्या गच्चीसाठी त्याच्या निम्मा. बागेतील साधी लाल माती पूर्ण भिजली की घनमीटरला १६०० ते १९०० किलो भरते, त्यामुळे तिचा १० सेंटिमीटरचा थरही ही मर्यादा ओलांडतो, आणि अजून त्यावर माणूस उभा राहिलेला नसतो. शिवाय आपल्याकडे गच्चीवर ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा जलरोधक थर, असतो, त्याचे वजन चौरस मीटरला दोनशे किलोंच्या आसपास सहज जाते. म्हणून मातीचा भार उपयोग-भारात कोंबण्याऐवजी तो कायमचा भार म्हणून, आणि तोही संपूर्ण भिजलेल्या अवस्थेतला, आराखड्यात स्वतंत्र लिहून घ्यावा. पोडियमवर अग्निशमन गाडी जाण्याचा मार्ग असतो, त्याचा हिशेब वेगळा. त्या मार्गावर माती चढवण्याचा मोह कोणालाही होऊ देऊ नये. कारखान्याच्या जुन्या शेड जपून त्यांवर हिरवे छत करावे असाही प्रस्ताव कधी कधी येतो. करवतीच्या दात्यांसारखी नॉर्थ लाइटची छते आणि त्याखालचे पोलादी ट्रस हे पत्र्याचा किंवा कौलांचा भार पेलण्यासाठीच बांधलेले असतात, तेव्हा शेड जपावी, पण तिच्या डोक्यावर माती देऊ नये.

वॉटरप्रूफिंगबद्दल मी स्वतःची एक चूक सांगतो, म्हणजे मुद्दा लवकर पटेल. मध्य मुंबईतील एका जुन्या गिरणीच्या आवारात आम्ही पोडियमवर १५ सेंटिमीटर मातीचे छत केले होते. दुसऱ्या पावसाळ्यात खालच्या वाहनतळात एका खांबाजवळ पाणी ठिबकू लागले. माती बाजूला सारल्यावर दिसले ते असे: कठड्याच्या पायथ्याशी गवंडी जो गोलसर वाटा काढतात, त्या वाट्याच्या आणि भिंतीच्या मधल्या केसाएवढ्या फटीत पिंपळाचे मूळ शिरले होते. वर रोपटे चार पानांचे, बोटभर उंच. खाली मूळ हातभर लांब आणि फितीसारखे चपटे, कारण जाड व्हायला त्याला जागाच नव्हती. ते रोप कोणी लावलेले नव्हते. वरच्या पाइपावर बसणाऱ्या बुलबुलांनी ते पेरले होते. मुळे अडवणारा थर मी सपाट भागावर घातला होता, पण तो कठड्यावर मातीच्या पातळीच्या वरपर्यंत चढवला नव्हता. चूक सर्वस्वी माझी होती. युरोपातल्या मार्गदर्शिका मुळांच्या चाचण्यांबद्दल पुष्कळ सांगतात, परंतु वड, पिंपळ आणि उंबर पक्ष्यांच्या विष्ठेतून दर पावसाळ्यात छतावर येणारच, हे गृहीत धरून काम करण्याची वेळ त्यांच्यावर येत नाही. आपल्यावर येते. तेव्हा मुळरोधक थर सर्व कडांना मातीच्या वर किमान १५ सेंटिमीटर चढवलेला असावा, पावसाळी पाण्याच्या प्रत्येक निर्गमाभोवती आणि कठड्यालगत अर्धा मीटर रुंदीचा नुसत्या गोट्यांचा पट्टा असावा, आणि माती चढवण्यापूर्वी गच्चीवर निदान ७२ तास पाणी भरून ठेवण्याची चाचणी आपल्या उपस्थितीत व्हावी. हे शेवटचे काम कंत्राटदार वेळेअभावी टाळू पाहतो. माती पडल्यानंतर गळती शोधणे म्हणजे गवताच्या गंजीत हरवलेली सुई शोधण्यापेक्षाही खर्चीक असते, कारण येथे आधी गंजीच हलवावी लागते.

माती कोणती वापरावी हा विषय मला सर्वांत जिव्हाळ्याचा आहे. बाजारात ‘हलकी माती’ म्हणून जे मिळते त्यात कोकोपीट भरपूर असते. ते दोन-तीन वर्षांत कुजून बसते, थर निम्म्यावर येतो आणि निचऱ्याचे कापड गाळाने तुंबते. छतासाठी मिश्रणाचा मोठा हिस्सा न कुजणारा, सच्छिद्र, खनिज स्वरूपाचा हवा. लंडनमध्ये ज्यांना तपकिरी छते म्हणतात, त्यांत विटांचा चुरा आणि पाडकामाचा बारीक माल वापरला जातो. बंद कारखान्याच्या जागेवर हाच कच्चा माल आपल्या दाराशी पडलेला असतो: जुन्या विटा आणि मंगलोरी कौले. कौलांचा ४ ते १२ मिलिमीटरचा चुरा पाणी धरतो, हवा खेळू देतो आणि बसत नाही. त्यात पाचवा-सहावा हिस्सा जागेवरचीच, तपासून घेतलेली, वरच्या थरातील माती आणि थोडे चांगले कुजलेले खत एवढे पुरते. खत जास्त झाले की छतावर फक्त तण माजते; सड्यावरच्या वनस्पतींना गरिबी मानवते. मात्र एक सक्त ताकीद: कारखान्यांच्या शेडवर अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे सर्रास असतात. ते तोडण्यापूर्वी वेगळे काढून अधिकृत विल्हेवाटीसाठी पाठवले पाहिजेत, आणि ज्या ढिगात त्यांचे तुकडे मिसळले असतील तो ढीग चुऱ्यासाठी वापरताच येणार नाही. हे लेखी ठरवले नाही तर पाडकामाचा कंत्राटदार दोन्ही ढीग एकाच डंपरमध्ये भरतो.

स्थानिक मातीचा आग्रह मी का धरतो, याचे उत्तर झुरिखमध्ये आहे. तेथील वोलिसहोफेन भागात तलावाचे पाणी गाळण्याचा एक प्रकल्प १९१४ मध्ये बांधला गेला आणि गाळणीतले पाणी थंड राहावे म्हणून त्याच्या काँक्रीटच्या छतांवर वाळू-खडीचा थर व त्यावर शेजारच्या कुरणांतील माती टाकली गेली. जैवविविधतेचा विचार कोणाच्या मनातही नव्हता. पुढे आजूबाजूची कुरणे शेती आणि घरांखाली गेली, पण त्यांचे बी छतावर उरले. आज त्या छतांवर सुमारे १७५ जातींच्या वनस्पती नोंदल्या आहेत आणि त्यांत नऊ ऑर्किडे आहेत. बासेल शहराने २००२ पासून नव्या सपाट छतांवर हिरवे छत सक्तीचे केले, आणि तेथील अभ्यासकांनी कोळी व भुंगेरे मोजून दाखवले की स्थानिक माती कमी-जास्त जाडीच्या उंचवट्यांत टाकलेल्या छतांवर अधिक जीव नांदतात. सारख्या जाडीची, लेव्हल लावून केलेली माती ही कारागिराच्या अभिमानाची गोष्ट असली तरी कीटकांच्या दृष्टीने ते वाळवंट असते. म्हणून खांबांच्या रेषेवर, जेथे स्लॅबची ताकद जास्त असते, तेथे २० सेंटिमीटरपर्यंत उंचवटे करावेत, मध्यभागी ७-८ सेंटिमीटरवर थांबावे, काही ठिकाणी नुसती वाळू ठेवावी आणि दोन-चार जुने ओंडके टाकावेत.

कोणत्या वनस्पती, हे विचारताना आपल्याला बहुधा यादी अपेक्षित असेल, पण मी तत्त्व सांगतो. आठ महिने जमिनीखाली काढू शकणारे कंद आणि बीच्या रूपाने उन्हाळा पार पाडणाऱ्या वर्षायू, या दोन गटांवर छत उभे राहते. फोडशी, मुसळी, रानहळद, भुईचाफा, कोळकांदा हे पहिल्या गटातले; तेरडा, केना, कुर्डू, कवला, सोनकी दुसऱ्या गटातले. उंचवट्यांवर मारवेलसारखे गवत तग धरते. यांतील बऱ्याच गोष्टी रोपवाटिकेत मिळत नाहीत, आणि येथे खरी अडचण आहे. सड्यावर जाऊन रोपे उपटून आणणे हा सरळ दरोडा आहे. पश्चिम घाटाच्या ज्या भागांना २०१२ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला त्यांत कासही आहे, आणि तेथून मूठभर मातीसुद्धा आणू नये. बी गोळा करायचे असेल तर ऑक्टोबरात, जागामालकाच्या परवानगीने, शहराच्या कडेच्या ज्या माळावर उद्या इमारतच होणार आहे तेथून करावे. भाजीवाल्या कातकरी बायकांकडे पावसाळ्यात फोडशी-कवला येतो. त्यांना योग्य दाम देऊन बी व कंद मागवण्याचा मार्ग मला आजवर सर्वांत भरवशाचा वाटला आहे.

वाळलेले गवत आणि दिवाळीतले रॉकेट यांचाही विचार करावा लागतो. बी गळून गेलेल्या भागाची कापणी दिवाळीपूर्वी, उरलेल्याची जानेवारीत, आणि कापलेले गवत छतावरून खाली, हा नियम मी पाळतो. गोट्यांचा पट्टा येथे आग अडवण्याच्याही कामी येतो.

पाण्याबद्दल केले जाणारे दावे मात्र तपासून घ्यावेत. हिरवे छत वार्षिक पावसाचा अर्ध्याहून अधिक भाग शोषून घेते, हे वाक्य मध्य युरोपात बरोबर आहे, आपल्याकडे नाही. १० सेंटिमीटरचा चांगला थर पूर्ण भिजला की चौरस मीटरला ३० ते ४० लिटर पाणी धरतो, म्हणजे ३०-४० मिलिमीटर पाऊस. मुंबई-ठाण्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, जवळजवळ सगळा चार महिन्यांत, आणि जुलैत थर आदल्या दिवसाचाच भिजलेला असतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. अशा दिवशी छत पहिल्या तासाभरात तुडुंब होऊन पुढचे सगळे पाणी जसेच्या तसे खाली सोडते. तेव्हा ‘हिरवे छत आहे’ या कारणाने पावसाळी पाण्याच्या पाइपांचा व्यास कमी करू देऊ नये. छताचा खरा लाभ वळवाच्या आणि परतीच्या पावसात दिसतो, आणि मुसळधार पावसातही लोंढा काही मिनिटे उशिरा पोहोचतो, एवढेच. तापमानाचेही तसेच. लगतच्या मजल्याला, येथे क्लबहाऊसला, दिलासा चांगला मिळतो. तीस मजली मनोऱ्याच्या वीजबिलावर त्याच्या माथ्यावरच्या छताचा परिणाम शोधूनही सापडणार नाही. पोडियम मात्र शेकडो खिडक्यांच्या नजरेखाली असतो आणि मे महिन्यात त्याची फरशी तापलेल्या तव्यासारखी वर उष्णता फेकते, म्हणून पैसा मर्यादित असेल तर तो मनोऱ्यांच्या माथ्यांऐवजी पोडियमवर लावावा.

एप्रिल-मेमध्ये लॉनला चौरस मीटरला रोज साधारण ५ लिटर पाणी लागते. दोन हजार चौरस मीटरचे लॉन म्हणजे रोजचा दहा हजार लिटरचा टँकर. सांडपाणी प्रक्रिया केंद्राचे पाणी वापरता येते, परंतु त्यातले क्षार उथळ मातीत साठत जातात आणि पानांच्या कडा जळू लागतात. पावसाळ्यात ते धुऊन निघावेत एवढा निचरा हवा. सड्याच्या नमुन्यावरच्या छताला पहिले वर्ष सोडले तर पाणी जवळजवळ लागतच नाही.

आता मागच्या पाऊण एकराकडे वळतो. माझ्या दृष्टीने आपल्या प्रकल्पातील सर्वांत मौल्यवान गोष्ट तीच आहे, कारण तेथे खाली तळघर नाही आणि माती थेट पृथ्वीशी जोडलेली आहे. मुंबईच्या बांधकाम व्यवसायात तिला ‘मदर अर्थ’ म्हणतात. दादरच्या कोहिनूर मिलच्या जागेवरील प्रकल्पाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये असे म्हटले की, किमान आवश्यक क्रीडा-मनोरंजनाची मोकळी जागा जमिनीवरच हवी, पोडियमवर दाखवून ती भरून काढता येणार नाही. नियमावल्या त्यानंतर बदलल्या, आणि आपल्या जागेला आज कोणता नियम लागू आहे हे परवाना वास्तुविशारदांकडून लेखी घ्यावेच. पण निकालामागचा विचार निसर्गाच्या बाजूनेही खरा आहे. पोडियमवर वडाचे झाड होत नाही. गिरणगावाने याची किंमत मोजली आहे. गिरण्यांच्या सुमारे ६०० एकर जमिनींसाठी १९९१ च्या नियमात एक तृतीयांश मोकळी जागा, एक तृतीयांश सार्वजनिक घरे आणि उरलेला हिस्सा मालकाला, अशी वाटणी होती. २००१ च्या दुरुस्तीने ती वाटणी संपूर्ण जमिनीऐवजी फक्त बांधकाम नसलेल्या मोकळ्या भागाला लागू झाली, मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली, आणि एका मोठ्या उद्यानमालिकेची शक्यता तुकड्या-तुकड्यांच्या पोडियम-बागांत विरघळली.

कारखान्याची जमीन आहे, तेव्हा रोप लावण्यापूर्वी मातीची तपासणी. संपूर्ण जागेची सरासरी काढून उपयोग नाही. जुना नकाशा मिळवून बॉयलर घर, ट्रान्सफॉर्मरचा अंगण, डिझेलची टाकी, आम्लाचे कोठार आणि सांडपाण्याच्या गाळाचा खड्डा कोठे होता ते आधी शोधावे आणि नमुने तेथूनच, वेगवेगळ्या खोलींवरून घ्यावेत. शिसे, क्रोमियम, आर्सेनिक, खनिज तेले आणि जुन्या ट्रान्सफॉर्मर तेलातील पीसीबी ही विषारी रसायने यांची चाचणी मागावी. निवृत्त फोरमन किंवा पहारेकरी सापडला तर त्याला चहा पाजून तासभर जागेवर फिरवावे. गाळ कोठे पुरला होता हे कागदापेक्षा त्याला अधिक ठाऊक असते. दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र केंद्रीय नियम २०२५ मध्ये आले आहेत, त्यामुळे निष्कर्ष प्रतिकूल आल्यास ते गुंडाळून ठेवणे आता परवडणारे नाही. झाडे लावली की जमीन आपोआप शुद्ध होते, असे सांगणारा सल्लागार भेटला तर त्याला नम्रपणे निरोप द्यावा. काही वनस्पती काही धातू शोषतात हे खरे, पण ते काम दशकांच्या मापाने चालते आणि शोषलेले धातू पानांत येऊन पुन्हा जमिनीवरच पडतात.

याला जोडून एक गोष्ट, जी फार कोणी सांगत नाही. पर्जन्यजल संधारण म्हणून शोषखड्डे घेण्याची पद्धत आहे. ते खड्डे दूषित भरावातून गेले तर आपण स्वच्छ पावसाच्या पाण्याने ते विष धुऊन थेट भूजलात पोहोचवतो. अशा भागात छताचे पाणी टाकीत साठवणे हाच मार्ग ठेवावा आणि शोषखड्डा स्वच्छ ठरलेल्या कोपऱ्यातच घ्यावा.

जर्मनीतील डुइसबर्ग येथे याचा फार समजूतदार नमुना पाहायला मिळतो. तेथील माइडरिखचा पोलाद कारखाना १९८५ मध्ये बंद पडला. पीटर लात्झ या भूदृश्य-वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार भट्ट्या न पाडता सुमारे १८० हेक्टरांवर उद्यान झाले आणि १९९४ मध्ये ते लोकांना खुले झाले. अतिदूषित माल जुन्या काँक्रीटच्या बंकरांत कोंडून वरून बंद केला गेला, काही बंकरांत बागा झाल्या, आणि मध्यम दूषित भागांत माणसांनी केवळ पायवाटेवरून जायचे, झाडोऱ्याने आपले काम आपल्या गतीने करायचे, अशी विभागणी झाली. खनिजाच्या वाघिणींसोबत आलेल्या परदेशी वनस्पतींसह तेथे सातशेहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. बर्लिनचे सुडगेलँडे त्याहून शांत आहे: १९५२ मध्ये बंद पडलेले रेल्वेचे शंटिंग यार्ड, अठरा हेक्टर, जवळपास अर्धशतक कोणी हात न लावलेले, आणि २००० पासून निसर्गउद्यान. रुळांमधून बर्च वाढले आहेत आणि संवेदनशील भागावरून उंचावलेली लोखंडी वाट जाते. पण तेथेही सगळे सोडून दिलेले नाही. कोरडी गवताळ जागा झाडांनी गिळू नये म्हणून कापणी आणि चराई करावी लागते. रिवाइल्डिंग, म्हणजे जागा पुन्हा निसर्गाच्या हवाली करणे, हे काही न करणेच असे समजणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे.

आपल्याकडे ही काळजी अधिक घ्यावी लागते, कारण आपल्या उष्ण-दमट हवेत सोडून दिलेली जागा भराभर चालते. कारखाना बंद पडल्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, अघाडा, तेरडा उगवतात, भंगाराच्या कडेने एरंड आणि रुई येते. टाकळ्यावर पिवळी गवती फुलपाखरे अंडी घालतात, रुईवर प्लेन टायगर. हा टप्पा सुंदर असतो, आणि नेमका याच टप्प्यात जागा ‘साफ’ केली जाते. साफ केली नाही, तर चौथ्या-पाचव्या वर्षी सुबाभूळ, घाणेरी आणि रानमोडी मिळून बाकी सगळ्यांना झाकून टाकतात. म्हणून माझी पद्धत निवडक उपटण्याची आहे. हे तीन पाहुणे आणि गाजरगवत फुलण्यापूर्वी मुळासकट काढायचे, बाकी जे येईल ते दोन पावसाळे नुसते पाहायचे आणि लिहून ठेवायचे. जी झाडे लावायची ती मोजकी: ताम्हण, करंज, उंबर, पांगारा, आणि जागेवर कारखान्याच्या काळापासून उभे असलेले वर्षावृक्ष व वड तर सोन्यासारखे जपायचे. बांधकामाच्या काळात त्यांच्या फांद्यांच्या घेराएवढ्या जमिनीवर पत्र्याचे कुंपण हवे. डंपर बुंध्यापासून हातभर अंतरावरून गेला तरी मुळे दबून झाड तीन वर्षांनी मरते आणि तेव्हा कोणालाच कारण आठवत नाही.

एका चौरस मीटरात तीन-चार रोपे दाटीने लावण्याच्या मियावाकी पद्धतीचा आग्रह आपल्याकडे धरला जाईल, कारण तिचे छायाचित्र दोन वर्षांत चांगले येते. तिला माझा तात्त्विक विरोध नाही. धूळ व आवाज अडवणारा पट्टा म्हणून रस्त्याकडेने ती करावी. पण पाऊण एकर तसा भरून टाकला तर गवत, उघडी माती, ऊन आणि डबके यांवर जगणाऱ्या सगळ्यांना आपण बाहेर काढतो. मुंबई महानगरात याहून चांगले उदाहरण आहे. माहीम-धारावीजवळचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान एकेकाळच्या कचराभूमीवर, सुमारे ३७ एकरांवर उभे आहे आणि १९९४ पासून लोकांसाठी खुले आहे. तेथे आज जी गर्दी दिसते ती झाडे, वेली आणि पालापाचोळ्याच्या थरांची आहे, आणि ती हळूहळू झाली आहे.

लंडनच्या तपकिरी छतांची चळवळ एका पक्ष्यामुळे सुरू झाली होती, हे येथे सांगण्याचा मोह होतो. ब्लॅक रेडस्टार्ट हा पक्षी महायुद्धातील बॉम्बने उद्ध्वस्त झालेल्या जागांवर आणि बंद कारखान्यांच्या ढिगाऱ्यांवर घरटी करू लागला, आणि त्या जागांवर इमारती येऊ लागल्या तेव्हा त्याचा ढिगारा छतावर न्यावा अशी कल्पना निघाली. त्याच पक्ष्याची पूर्वेकडील उपजात हिवाळ्यात महाराष्ट्रात येते. आपण तिला थिरथिरा म्हणतो. डिसेंबरात आपल्या छतावरच्या ओंडक्यावर शेपटी थरथरवत बसलेला काळा-तांबूस पक्षी दिसला, तर खडबडीत उंचवट्यांचा हट्ट कशासाठी होता हे माळ्याला वेगळे सांगावे लागणार नाही.

करारनाम्यात काय असावे, हे आता थोडक्यात. देखभाल ताबा देण्याच्या तारखेपासून तीन पावसाळ्यांपर्यंत लावणाऱ्याकडेच असावी, बारा महिन्यांच्या अटीवर सही करू नये, कारण पहिल्या वर्षी सगळीच छते हिरवी असतात. जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबर या तिन्ही महिन्यांत कठड्यालगत फिरून पिंपळ-वडाची रोपे उपटण्याची नोंद ठेवली जावी. निर्गमांवरच्या जाळ्या जूनपूर्वी आणि त्यानंतर दर पंधरवड्याला साफ व्हाव्यात. डासांची तपासणी करणारे पालिकेचे कर्मचारी येतात तेव्हा छतावर कोठेही पाच दिवसांपेक्षा अधिक पाणी उभे नसावे. पाण्याचे खळगे हवेच असतील तर ते जमिनीवरच्या भागात, माशांसह ठेवावेत. आणि ‘लॉन’ हा शब्द परिमाणपत्रकात, म्हणजे करारातील कामांच्या यादीत, कोठेही नसावा, नाहीतर चौथ्या वर्षी नवी समिती त्याच्याकडे बोट दाखवून सगळे उपटून टाकते.

सापांबद्दल: होय, येतील. येऊरच्या डोंगराशी आपली जागा किती लांब आहे त्यावर प्रमाण ठरेल, पण धामण बहुधा कारखान्याच्या काळापासूनच तेथे असेल, कारण तेथे उंदीर आहेत. उंदीर येतात ते उघड्या कचऱ्यामुळे, झाडोऱ्यामुळे नव्हे. कचऱ्याची खोली बंद दाराची आणि मागच्या पाऊण एकरापासून लांब ठेवावी, मुलांच्या खेळण्याची जागा आणि झाडोरा यांच्यामध्ये तीन मीटर रुंदीची कापलेल्या गवताची पट्टी ठेवावी, पायवाटेवरचे दिवे खाली झुकलेले आणि मंद असावेत, आणि सर्पमित्राचा दूरध्वनी क्रमांक पहारेकऱ्याच्या चौकीत भिंतीवर लिहिलेला असावा.